हरणाचा माज, माणसाचा अंगठा

आपल्या कवितेत अंगठा फार आहे. कुठलाही अंक उघडा, कुठल्याही मेळाव्यात कविता ऐका, एक तरी एकलव्य भेटतोच आणि त्याचा अंगठा रक्त गाळत मातीत पडलेला असतो. माझ्याही वहीत तसा एक आहे आणि तो मी खोडणार नाही. पण धनुष्य? दोरी कुठल्या बोटांनी ओढतात, बाण लागल्यावर जनावर कसं मरतं, शिकारी झाडावर बसून काय विचार करतो, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? ज्या हत्यारापायी आपला माणूस लुळा केला गेला, त्या हत्याराचीच आपल्याला माहिती नाय.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला आहे. शाळा नववीत सुटली. इंग्रजी आलं ते डिक्शनरी मांडीवर घेऊन, रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं आणलेल्या कागदांतून. अशाच एका गठ्ठ्यात अमेरिकेतल्या शिकारीची मासिकं निघाली. पानापानावर झाडात बसलेला, पानांच्या रंगाचे कपडे घातलेला माणूस आणि हातात धनुष्य. बंदुकीच्या देशात धनुष्य कशाला, म्हणून वाचायला घेतलं. मग लायब्ररीतून, मोबाईलवरून, मिळेल तिथून वाचत गेलो. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आधी हरीण.

कॅनडाच्या दक्षिण भागापासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत एक हरीण आढळतं. पळताना ते शेपटी उभारतं. शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र, म्हणून त्याचं नाव पांढऱ्या शेपटीचं हरीण. नराला शिंगं, मादीला नाहीत. ही शिंगं बकऱ्यासारखी जन्मभराची नसतात. आपल्या चितळ-सांबराची जशी गळतात तशी दर हिवाळ्यात गळून पडतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. उन्हाळाभर त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, आतून रक्त वाहत असतं. ऑगस्ट सरता सरता ती कातडी वाळते. नर झाडांच्या बुंध्यावर शिंगं घासघासून ती सोलून काढतो. खाली निघतं ते निव्वळ हाड. शस्त्र तयार.

मग दिवस लहान व्हायला लागतात. थंडीनं हरीण माजावर येतं असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. खरं कारण उजेड. रोज थोडा थोडा उजेड कमी होतो, तो डोळ्यांवाटे मेंदूला कळतो आणि मेंदू रक्तात हुकूम सोडतो. नराची मान फुगते. उन्हाळ्यात एकाच कळपात गुण्यागोविंदानं चरणारे नर एकमेकांना सहन करेनासे होतात. नर एखाद्या लोंबत्या फांदीखाली खुरानं जमीन उकरतो, फांदी तोंडात धरून चघळतो, तिला डोकं घासतो, मागच्या पायांच्या गाठींवर मुततो आणि तो वास त्या उकरलेल्या जागेत सोडतो. जंगलभर अशा जागा. हे त्याचं भिंतीवर पत्रक लावणं आहे. मी इथं आहे, हा भाग माझा, माद्यांनो इकडं बघा.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे हा माज शिगेला पोचतो. मादी फार तर एक-दोन दिवस माजावर असते. तेवढ्यात नर भेटला तर ठीक, नाहीतर साधारण चार आठवड्यांनी पुन्हा. म्हणून नराला उसंत नाही. तो खाणं टाकतो. झोप टाकतो. एरवी फक्त तिन्हीसांजेला आणि पहाटे बाहेर पडणारं हे भित्रं जनावर भर दुपारी उघड्या रानातून नाक जमिनीला लावून धावत सुटतं. आपल्याकडे भादव्यातल्या कुत्र्याची म्हण आहे, तसलाच प्रकार. महिन्याभरात नर वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा गमावून बसतो. काही हिवाळा काढू शकत नाहीत. पण यात एक हिशेब आहे. मादी सुमारे दोनशे दिवस गाभण राहते. नोव्हेंबरात लागलेली मादी मेअखेर, जूनमध्ये विते, आणि तेव्हा रानात कोवळं गवत असतं. पाडस जगावं म्हणून सगळा माज. निसर्ग बापाला जाळून पोराची चूल पेटवतो.

आता शिकारी.

शिकाऱ्यानं हा हिशेब पाठ केलेला असतो. वर्षभर जे जनावर त्याला हुंगून दोन शेतं पलीकडून पळून जातं, ते या महिन्यात आंधळं होतं हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून नोकरीतली रजा तो नोव्हेंबरसाठी राखून ठेवतो. झाडावर पंधरा-वीस फुटांवर लोखंडी मचाण बांधतो, पट्ट्यानं स्वतःला बुंध्याला जखडतो आणि अंधारात चढून बसतो. वारा हरणाकडून आपल्याकडे यावा अशी जागा निवडतो. हरणाचं नाक म्हणजे त्याचं वर्तमानपत्र. म्हणून शिकारी बिनवासाच्या साबणानं अंघोळ करतो, कपडे वेगळ्या पेटीत ठेवतो. बाटलीत भरलेलं माजावरच्या मादीचं मूत दुकानात विकत मिळतं. ते शिंपडलं की नर वासावर येतो. हरणांत मेंदू सडवणारा एक रोग पसरतोय, म्हणून काही राज्यांनी आता त्या बाटल्यांवर बंदी घातली आहे.

धनुष्य बघाल तर ओळखणार नाही. कॅलेंडरावरच्या रामाच्या खांद्यावरचं ते हे नव्हे. दोन्ही टोकांना चाकं. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन नावाच्या माणसानं ही युक्ती काढली. त्याला १९६९ साली पेटंट मिळालं. गिरणीतल्या माणसाला हे चाक लगेच कळतं. चाक गोल नाही, आस मध्यभागी नाही. दोरी ओढायला लागलं की सत्तर पौंडांचा जोर लागतो, पण पूर्ण ओढली की चाक फिरून वळतं आणि हातावर जेमतेम चौदा-पंधरा पौंड उरतात. मग हरीण योग्य बाजूला वळेपर्यंत शिकारी दोरी ओढून धरू शकतो. सोडायचं कामही बोटांचं राहिलेलं नाही. मनगटाच्या पट्ट्याला चाप असतो. चाप दाबला की बाण सुटतो.

तरी बंदुकीसारखं नाही. बंदूक शे-दोनशे यार्डांवरून मारते, धनुष्याला वीस-तीस यार्ड. म्हणजे आमच्या चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हरणाच्या पापण्या दिसतात. बाण धक्क्यानं मारत नाही, पात्याच्या धारेनं शिरा कापतो. खांद्यामागं, फुप्फुसात गेला तर हरीण शंभरेक यार्ड धावतं आणि कोसळतं. चांगला शिकारी लगेच मागं जात नाही, निदान अर्धा तास झाडावरच बसतो. मग खाली उतरून रक्त वाचतो. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. काळपट असेल तर काळीज. हिरवट आणि घाण वासाचं असेल तर पोट, आणि मग कित्येक तास थांबायचं, कारण घाई केली तर जनावर उठून पळतं आणि कुठंतरी झुडपात कुजून मरतं. नेम पक्का नसेल तर बाण सोडू नये असा त्यांचा दंडक आहे. सगळे पाळतात असं नाही. पण त्यांच्यातले चांगले जे आहेत त्यांना मारण्याची जबाबदारी कळते. ते मांस सोलतात, खातात, बरेचजण गरिबांच्या अन्नकेंद्राला देतात. मेलेल्या जनावराचं कातडं, हाड, मांस काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, म्हणून हे लिहितो. दुरून नाक मुरडणारे वेगळे.

एक युक्ती मात्र वाचली आणि रात्रपाळीत ती डोक्यातून जाईना.

शिकारी गळून पडलेल्या शिंगांची जोडी गोळा करून ठेवतो. माजाच्या दिवसांत झाडावर बसून ती दोन शिंगं एकमेकांवर आपटतो. खट, खट, खर्र. पाय आपटून पालापाचोळा वाजवतो. लांबच्या नराला वाटतं दोन नर मादीसाठी झुंजतायत. त्याला राहवत नाही. झुंजीत शिरायला तो धावत येतो आणि सरळ बाणाखाली येऊन उभा राहतो. तिथं झुंज नसतेच. मेलेल्यांची शिंगं असतात आणि वाजवणारा तिसराच असतो.

खऱ्या झुंजीतही कधी कधी दोन नरांची शिंगं एकमेकांत अशी अडकतात की सुटत नाहीत. दोघं कपाळाला कपाळ लावून ओढत राहतात. न खाता, न पिता. दोघंही मरतात. हिवाळ्यात माणसांना ती जोडी सापडते, शिंगांत शिंगं तशीच.

पुढं मी काय म्हणणार हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. १९५७ साली बाबासाहेबांच्या मागं त्यांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. त्याचे तुकडे किती झाले ते मोजायला दोन हातांची बोटं पुरत नाहीत. आमच्या वस्तीत मागच्या एका निवडणुकीत समोरासमोर दोन निळे मंडप होते. दोन्हीकडं बाबासाहेबांचा फोटो, दोन्हीकडं जयभीम. एका मंडपाचा कापडखर्च आणि दुसऱ्या मंडपाचा चहाखर्च एकाच खिशातून आला होता, आणि तो खिसा निळा नव्हता. पोरांची डोकी फुटली, केसेस झाल्या, निवडून आला तो तिसराच. मला तेव्हा ती शिंगं ऐकू आली. खट, खट, खर्र. आपल्याच मेलेल्या पुढाऱ्यांची शिंगं घेऊन कुणीतरी झाडावर बसलेला असतो आणि आपण मान फुगवून धावत जातो.

पण त्या मासिकात आणखी एक गोष्ट होती. तरुण नर आवाजाच्या दिशेनं सरळ धावत येतो. चार-पाच हिवाळे बघितलेला नर सहसा सरळ येत नाही. तो लांबून वळसा घालतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी हुंगतो. वास माणसाचा आला तर पाऊल न वाजवता माघारी जातो. असा नर शिकाऱ्याला क्वचितच मिळतो. हे हुंगणं आपण कधी शिकणार?

आता ही विद्या आली कुठून ते बघू.

बंदूक आल्यावर गोऱ्या माणसानं धनुष्य सोडून दिलं होतं. अमेरिकेत धनुष्यानं शिकार करण्याची आवड पुन्हा उभी राहिली ती विसाव्या शतकात, आणि तिच्या मुळाशी एक माणूस आहे. २९ ऑगस्ट १९११ या दिवशी कॅलिफोर्नियात ऑरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात एक माणूस सापडला. उपाशी, हाडं निघालेला, कुणालाच न कळणारी भाषा बोलणारा. वय पन्नाशीच्या आसपास. ज्यांना आपली शाळेची पुस्तकं रेड इंडियन म्हणतात त्यांतल्या याही नावाच्या टोळीतला तो शेवटचा माणूस. त्याची टोळी रोगानं किंवा दुष्काळानं सहज संपली नव्हती. सोन्याच्या लोभानं आलेल्या गोऱ्यांनी आणि जमीनवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात याहींना टोळ्या करकरून मारलं होतं. बाया, पोरं, सगळी. उरलेली मूठभर माणसं डोंगरात कित्येक वर्षं लपून राहिली. शेवटी तो एकटा उरला.

आल्फ्रेड क्रोबर आणि त्यांच्या सोबतच्या विद्यापीठातल्या विद्वानांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात नेलं. त्यानं आपलं नाव सांगितलं नाही, त्यांच्यात स्वतःचं नाव स्वतः सांगत नसत. म्हणून त्यांनी त्याला इशी म्हटलं. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. संग्रहालयात तो राहिला, झाडलोट-राखणीचं काम पगारावर केलं, आणि बघायला आलेल्या लोकांपुढं बसून दगडाची पाती घडवून दाखवली. माणूस नावाचा माणूस, आणि नमुना म्हणून ठेवलेला.

संग्रहालयाशेजारच्या वैद्यकीय कॉलेजात सॅक्स्टन पोप नावाचे सर्जन होते. ते इशीला तपासायला आले आणि त्याचे शागीर्द झाले. इशीनं त्यांना धनुष्य करायला शिकवलं, बाण करायला शिकवलं, दबा धरायला शिकवलं. शिकारीच्या आधी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, सकाळी ओढ्यात अंघोळ करून सुवासिक पाला अंगाला चोळत असे. आज दुकानात मिळणारा बिनवासाचा साबण तो हाच. तो पाडसासारखा आवाज काढून मादीला बोलावी. पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं डोक्यावर घेऊन हरणांना भुलवी. त्याच्या डोंगरातलं हरीण काळ्या शेपटीचं, या पांढऱ्या शेपटीवाल्याचं भावंड. हिकमत तीच.

आणि इशी दोरी ओढायचा ती अंगठ्यानं. वाकवलेला अंगठा दोरीखाली आणि आधाराला अंगठ्याच्या नखावर मधलं बोट. पोप यांनी हे नीट लिहून ठेवलंय.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आमच्या रिंग खात्यात सूत तुटलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमटून जोडावं लागतं. दिवसाला किती वेळा ते मोजत नाही. माझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय. मी त्या घट्ट्याकडं बघत राहिलो.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयानं मेला. गोऱ्यांच्या शहरानं दिलेला रोग. क्रोबर तेव्हा गावात नव्हते, देह फाडू नका असं त्यांनी कळवलं होतं, तरी फाडला. मेंदू काढून घेतला आणि पुढं तो स्मिथसोनियन या सरकारी संस्थेकडं गेला. तिथं तो राहिला. इशीच्या नात्यातल्या जमातींना तो परत मिळाला २००० साली. चौऱ्याऐंशी वर्षांनी.

पोप यांनी १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. इशीवर त्यात मायेनं लिहिलंय, हे कबूल केलं पाहिजे. पण पुस्तक अर्पण केलंय रॉबिन हूडला. इंग्लंडच्या गोष्टीतल्या गोऱ्या तिरंदाजाला. पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांच्या नावानं १९६१ साली अमेरिकेत धनुर्धारी शिकाऱ्यांचा क्लब निघाला. तो क्लब शिंगं मोजतो. पांढऱ्या शेपटीच्या नराची शिंगं ठरलेल्या पद्धतीनं मोजून १२५ इंच भरली तरच वहीत नोंद. क्लबच्या नावात दोन्ही चेले आहेत. गुरू नाही. गुरूच्या नावानं एक पुरस्कार ठेवलाय. तो क्लबचा सगळ्यात मोठा पुरस्कार, आणि तो मिळतो मोठ्यात मोठ्या शिंगांना.

आपल्याकडं काय वेगळं? १९८५ पासून सरकार खेळातल्या गुरूंना द्रोणाचार्य पुरस्कार देतं. आणि आदिवासी पोरांच्या निवासी शाळांना नाव एकलव्याचं. ज्यानं अंगठा मागितला त्याच्या नावानं गुरूंचा सत्कार, ज्याचा अंगठा गेला त्याच्या नावानं पोरांना वसतिगृह. कुणाला काही खटकत नाही.

आता अंगठ्याचंच नीट बोलू. आज ऑलिंपिकमधले तिरंदाज दोरी ओढतात ती तीन बोटांनी. इंग्लंडचे जुने तिरंदाजही बोटांनीच ओढत. अंगठा दोरीला लावतच नाहीत. आणि महाभारताच्या आदिपर्वातच लिहिलंय की अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी बाण मारू लागला, फक्त पूर्वीइतका चपळ राहिला नाही. म्हणजे तो संपला नव्हता! हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. कीर्तनकार अंगठ्यापाशी थांबतो, आणि आपली कविताही तिथंच थांबते. द्रोणाला भीती होती ती निषादाच्या पोराला स्वतःहून आलेल्या विद्येची. ती त्यानं घेतली दक्षिणा म्हणून, त्या पोराच्या हातानं, त्याच्याच संमतीनं. सुरी एकलव्याच्याच हातात होती. कवितेला टोचायला हवं ते हे.

कुणाच्या हाती कुठलं हत्यार द्यायचं, हे व्यवस्था ठरवते. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून विटाळ. जास्त पगार विणकामात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. आमच्या जातीचे अंगठे शाबूत होते. पण माग मिळाला नाही.

शिकारीचंही तेच. माझ्या आज्याचा बाप साहेबांच्या आणि इनामदारांच्या शिकारीत हाकाऱ्याला जायचा. वेठ म्हणून. डबा बडवत रानातून जनावर हाकायचं, मारणारा मचाणावर. महार वतन कायद्यानं गेलं १९५८ साली, तोवर ही वेठ कुठं ना कुठं चालूच. आणि ज्याच्या नावातच पारध आहे त्या पारध्याला इंग्रजांच्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो कायदा गेला. १९७२ साली वन्यजीव कायदा आला. हरणं वाचली पाहिजेत, त्याला माझा विरोध नाही. पण राजे-महाराजांनी रानं रिकामी केली तेव्हा ती शिकार होती आणि पारध्यानं फास लावला तर तो दरोडेखोर.

अमेरिकेतही हरणं संपत आली होती. बाजारात मांस-कातडं विकणाऱ्यांनी इतकी मारली की १९०० च्या सुमारास सबंध देशात पांढऱ्या शेपटीची पाच लाखांच्या आसपासच उरली असावीत असा अंदाज आहे. मग कायदे झाले, बाजारासाठी मारणं बंद झालं, परवाने आले. १९३७ च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर रानाच्या आणि जनावरांच्या कामाला लावला. पुढं धनुष्यबाणावरही तो कर बसला. आज ती हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. हे काम मोठं आहे. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्यानं फक्त धनुष्यबाणासाठी हरणाच्या शिकारीचा हंगाम ठेवला. आधुनिक अमेरिकेतला तो पहिला.

पण त्याच विस्कॉन्सिनच्या उत्तरेला ओजिब्वे लोक राहतात. ती रानं त्यांची होती. १८३७ साली अमेरिकन सरकारनं त्यांच्याकडून तहानं जमीन लिहून घेतली. ओजिब्वेंच्या म्होरक्यांनी जमीन दिली, पण तहात एक कलम घालून घेतलं: दिलेल्या मुलखात शिकार करण्याचा, मासे मारण्याचा, रानतांदूळ गोळा करण्याचा हक्क आमचा राहील. पुढं राज्य सरकार ते कलम विसरलं. ओजिब्वे आपल्याच जुन्या रानात हरीण मारायला गेला की वनरक्षक धरायचे, खटला भरायचे. गोऱ्याला हंगाम, ओजिब्वेला जेल.

१९७४ च्या मार्चमध्ये ओजिब्वे जमातीचे दोन भाऊ आपल्या राखीव जमिनीची हद्द ओलांडून गोठलेल्या तळ्यावर गेले आणि बर्फाला भोक पाडून भाल्यानं मासे मारू लागले. चोरून नाही. पकडलं जावं म्हणूनच गेले होते. पकडले गेले. खटला नऊ वर्षं चालला. १९८३ साली संघराज्याच्या अपील कोर्टानं निकाल दिला की तहातला हक्क जिवंत आहे. मासे, हरीण, रानतांदूळ, सगळ्यांचा. त्यानंतर काय झालं? ओजिब्वे होड्या घेऊन तळ्यावर आले की काठावर गोऱ्यांचा जमाव. शिव्या, दगड. मासा वाचवा, इंडियनला भोसका, अशा अर्थाचे फलक. वर्षानुवर्षं हे चाललं. ओजिब्वे येत राहिले. १९९९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही १८३७ च्या तहातला हक्क मान्य केला. पाच विरुद्ध चार. एका मतानं.

मित्रांनो, तुम्हाला काही आठवलं? १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग लाठ्या, फुटलेली डोकी. मग कोर्टकचेरी, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं. आधी कागद, मग तळ्यापर्यंत चालत जाणं, मग दगड, मग निकाल. ओजिब्वेंना महाड ठाऊक नसेल. पण वाट एकच निघाली.

म्हणून मी या तीन हातांचा विचार करतो. एकलव्यानं मागितल्याबरोबर अंगठा दिला. त्याच्यापाशी भक्ती होती, कागद नव्हता. इशीनं प्रेमानं विद्या दिली. त्याच्यापाशी माणसंच उरली नव्हती, कागद कुणासाठी करणार. ओजिब्वेंनी जमीन दिली, पण शिकारीचा हक्क लिहून घेतला, आणि लिहिलेलं दीडशे वर्षांनी वसूल केलं. त्यासाठी त्यांच्या पिढ्यांना तो तह ध्यानात ठेवावा लागला. म्हाताऱ्यांनी पोरांना सांगावा लागला. आणि शेवटी कुणीतरी बर्फावर जाऊन उभं राहावं लागलं.

एकलव्यावर आपण कविता लिहिणार, लिहिल्याच पाहिजेत. पण आपल्यापाशी कागद आहे. संविधानाचं सतरावं कलम आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, गावागावांत ठराव पडलेत धूळ खात. आपल्या किती शाखांच्या कार्यकर्त्यांनी ते वाचलेत? सातबारा कुणाला वाचता येतो? फिर्याद कशी लिहायची, कुठली कलमं लावायला पोलिसाला भाग पाडायचं, कुणाला माहीत आहे? आमच्या शाखेत आम्ही दर रविवारी एक कलम वाचायला सुरुवात केली आहे. सहा-सात पोरं येतात. दोन पोरी येतात आणि त्याच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात. वाचून झालं की त्या कलमाखाली आपल्या तालुक्यात काय अडलंय ते वहीत लिहितो. पहिल्या पानावर स्मशानाच्या रस्त्याचा ठराव लिहिलाय. कागदावर रस्ता आहे, जमिनीवर कुंपण आहे.

पुढच्या रविवारी आम्ही तो ठराव खिशात घालून त्या कुंपणापर्यंत चालत जाणार आहोत. दोन्ही निळ्या मंडपांतल्या पोरांना निरोप धाडलाय. ज्याला यायचं त्यानं यावं.

जयभीम.